ध्वनिपुस्तकाची घडी उलगडताना

तासाभराच्या वाचनाची एखादी एमपी-थ्री फाईल घ्या आणि ती संगणकावर वेव्ह स्वरूपात बदला. एका वाहिनीची, सेकंदाला ६४ किलोबिट दराची मूळ फाईल सुमारे २९ मेगाबाइटची असते. बदललेली फाईल जवळजवळ ३१८ मेगाबाइटची होते. वाचन तेच, वाचणारा तोच, जागा मात्र अकरापट! साहजिकच मनात येते, की आवाजही अकरापट नाही, पण थोडा तरी सुधारला असेल. शाळेसाठी ध्वनिमुद्रणे तयार करणारे शिक्षक आम्हाला हा प्रश्न नेहमी विचारतात. त्याचे उत्तर 'मुळीच नाही' असे आहे. मग लगेच पुढचा प्रश्न येतो : सुधारत नसेल तर संपादनाआधी हा उपद्व्याप करायचा कशाला? त्याचे उत्तर मात्र 'करायलाच हवा' असे आहे. ही दोन उत्तरे एकाच वेळी खरी कशी असू शकतात, ते या लेखात पाहू.

सोलापुरात हा विषय केवळ यंत्रांची हौस असणाऱ्यांचा नाही. इथल्या वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसतात. पुस्तकातील मराठी ही त्यातल्या अनेकांची घरची भाषा नसते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते याच अडचणीतून. कोड मोबाईलने टिपला की कवितांचे ध्वनिमुद्रण, गोष्टी, पाठाची चित्रफीत असे साहित्य मुलांसमोर उघडे. त्यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्येही नेली. २०१७ साली महाराष्ट्राने असे कोड राज्यभराच्या पाठ्यपुस्तकांत आणले आणि २०२० साली डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. तेव्हापासून स्वतःच्या आवाजात पाठ वाचून, काटछाट करून मुलांना देणारे शिक्षक बरेच झाले आहेत.

अशा ध्वनिमुद्रणाकडून आपली अपेक्षा काय असते? 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यातला च तालव्य आहे, जीभ टाळूला लागते. दुसऱ्यातला च दंततालव्य आहे, जीभ दातांमागे जाते. 'चंद्र' आणि 'चांदणे', 'चिमणी' आणि तिची 'चोच' यांतही तेच. लिपीत दोहोंना एकच अक्षर. म्हणजे पुस्तक कितीही वेळा वाचले तरी हा फरक कळणार नाही. तो कानानेच शिकावा लागतो. तेलुगू घरातील मुलांना दोन्ही उच्चार ओळखीचे असतात (तेलुगूत दंत्य च-जसाठी वेगळी अक्षरेही आहेत, आता ती फारशी वापरात नाहीत), पण मराठीच्या कुठल्या शब्दात कुठला च हे त्यांनाही ऐकूनच कळणार. ज्यांच्या घरी प्रमाण कन्नड किंवा उर्दू बोलली जाते त्यांच्यासाठी हा उच्चारच नवा. आणि ज्या विद्यार्थ्याला दिसत नाही, त्याच्यासाठी तर फाईलमधला आवाज हेच पुस्तक.

या दोन चंमधला फरक कुठे असतो? बराचसा त्यांच्या घर्षणात. दंततालव्य च सुटताना 'स'सारखा सळसळ आवाज येतो, तालव्य च सुटताना 'श'सारखा. 'श'ची ऊर्जा साधारण अडीच ते चार हजार हर्ट्झच्या आसपास एकवटते. 'स'ची त्याहून वर, चार-पाच हजारांपासून आठ हजारांपर्यंत आणि पुढेही. जुना दूरध्वनी ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी पाठवत असे. त्यामुळे फोनवर नाव सांगताना "स, सशातला स" असे सांगावे लागे. फाईल लहान करण्याच्या नादात पहिली कुऱ्हाड पडते तीही याच वरच्या भागावर.

आवाजाचा आलेख

सोलापुरी चादरीवर मोर कसा उतरतो ते आपल्यापैकी अनेकांनी कारखान्यात पाहिले असेल. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे ताणा आणि बाणा यांची भेट. तिथे उभा धागा उचलायचा की नाही, एवढाच निर्णय. हा निर्णय पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोक पाडून किंवा न पाडता नोंदवतात आणि मागावरचे जॅकार्ड ती पट्टी वाचून धागे उचलते. फ्रान्समधील ल्यों शहरातील जोसेफ मारी जाकार याचे हे यंत्र १८०४ च्या सुमाराचे. 'भोक आहे' किंवा 'भोक नाही' ही भाषा संगणकाच्या १ आणि ० यांच्या फार जवळची आहे. चित्र जितके बारीक चौकोनांवर काढावे तितकी मोराच्या पिसाची गोलाई नीट येते. ढोबळ चौकोनांवर काढले तर पायऱ्या दिसतात.

आवाजाचेही असेच. मायक्रोफोनमधून येणारा विद्युतदाब सतत वरखाली होत असतो. संगणक ठरावीक काळाने तो मोजतो आणि प्रत्येक मोजणीचा आकडा लिहून ठेवतो. या मोजणीला आपण 'नमुना' म्हणू. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. एखादी वारंवारता पकडायची तर सेकंदाला तिच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात, असे गणित सांगते. म्हणून ध्वनितबकडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हा दर ठरला. प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला जातो, म्हणजे दाबाच्या ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक निवडली जाते. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी हे प्रमाण १९८० साली ठरवले आणि १९८२ मध्ये तबकड्या बाजारात आल्या.

आता हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. ४४,१०० गुणिले १६ म्हणजे सेकंदाला ७,०५,६०० बिट, अर्थात ८८,२०० बाइट. तासाला ३१ कोटी ७५ लाख २० हजार बाइट. डावा-उजवा असे दोन आवाज वेगळे नोंदवले तर याच्या दुप्पट. वेव्ह फाईलमध्ये असते ते एवढेच : सुरुवातीला साधारण ४४ बाइटांचे टिपण (दर किती, बिट किती, वाहिन्या किती) आणि मग आकड्यांची सरळ रांग. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली हे स्वरूप आणले. त्यात हुशारी काही नाही, आणि संपादनासाठी तोच त्याचा गुण आहे.

घडी घालणे आणि धागे काढणे

फाईल लहान करण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत. नावे सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो.

पहिली रीत चादरीची घडी घालण्यासारखी. "लाल, लाल, लाल..." असे वीस वेळा लिहिण्याऐवजी "वीस लाल" लिहिले तर जागा वाचते आणि काहीच हरवत नाही. आवाजात शेजारचे नमुने एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असतात. म्हणून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज किती चुकला तेवढेच लिहायचे. २००१ साली आलेले फ्लॅक हे स्वरूप असेच चालते. फाईल साधारण निम्म्यावर येते आणि उलगडल्यावर एकूणएक आकडा जसाच्या तसा परत मिळतो.

निम्म्यावर आणून मात्र लहान मोबाईल आणि मंद इंटरनेट यांचे भागत नाही. तिथे दुसरी रीत येते : धागेच काढून टाकायचे, पण असे की बघणाऱ्याला कळू नये. कोणते धागे काढायचे हे कानाच्या स्वभावावरून ठरते.

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागाच्या कारखान्यात शिरलात की धोट्याच्या खटखटाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तो बोलत असतो, हवा थरथरत असते, कानाच्या पडद्यावर ती थरथर पोचतही असते. पण मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो. याला 'आच्छादन' म्हणू. मोठा स्वर आपल्या आसपासच्या वारंवारतांना झाकतो, खालच्यांपेक्षा वरच्यांना अधिक. मोठा आवाज थांबल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ कान जरा बधिर राहतो. जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच उपयोग करून घेतला. जे झाकले जाणार आहे ते बारकाईने कशाला लिहायचे? त्यांच्या कामातून पुढे आलेली पद्धत १९९२ साली आंतरराष्ट्रीय मानकात स्वीकारली गेली. फाईलच्या नावामागचे 'एमपी-थ्री' हे शेपूट १९९५ साली ठरले.

ही पद्धत आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे करते. एक तुकडा सुमारे २६ सहस्रांश सेकंदांचा. तुकड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात कोणत्या वारंवारता किती आहेत ते ५७६ पट्ट्यांत मोजते. प्रत्येक पट्टी ३८ हर्ट्झ रुंदीची. मग कोणती पट्टी दुसरीमुळे झाकली जाते याचा अंदाज घेऊन महत्त्वाच्या पट्ट्या बारीक मापाने लिहिते, झाकलेल्या ढोबळ मापाने लिहिते, काही तर लिहीतच नाही. ढोबळ मापामुळे आकड्यांत चूक शिरते, म्हणजे थोडा खरखराट मिसळतो. पण तो मोठ्या आवाजाच्या आडोशाला ठेवलेला असतो.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. वाद्यवृंदापेक्षा एकट्या माणसाचा आवाज अशा पद्धतीने बांधणे अवघड जाते, कारण आडोसा द्यायला दुसरे वाद्यच नसते. ब्रांडेनबुर्ग यांनी आपली पद्धत घासूनपुसून घेताना सुझान व्हेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे साथीविना गायलेले गाणे पुन्हा पुन्हा वापरले, ते यासाठीच. ध्वनिपुस्तक म्हणजे तासन्‌तास एकट्या माणसाचा आवाज! "नुसते बोलणेच तर आहे, चालेल कमी दर" असे आपण सहज म्हणतो. ते नेहमीच बरोबर नसते.

उलगडल्यावर काय मिळते?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एमपी-थ्रीची वेव्ह करताना संगणक पट्ट्यांवरून पुन्हा नमुने तयार करतो आणि आकड्यांची सरळ रांग मांडतो. रांग पूर्ण लांबीची असते, म्हणून फाईल मोठी होते. पण लिहिलेच गेले नव्हते ते येणार कुठून? ढोबळ चौकोनांवर काढलेला मोर बारीक चौकोनांच्या कागदावर उतरवला तर चौकोन वाढतात, पिसाची गोलाई परत येत नाही. पायऱ्या तेवढ्या अधिक काळजीपूर्वक नोंदल्या जातात. म्हणूनच उलगडताना ४४,१०० चा दर ९६,००० करणे किंवा एका वाहिनीच्या दोन करणे यात जागेच्या नासाडीपलीकडे काही नाही. मूळ दर आणि मूळ वाहिन्या आहेत तशाच ठेवाव्यात.

मग उलगडायचे कशाला? कारण एमपी-थ्रीच्या तुकड्यांवर थेट काम करता येत नाही, आणि केले तर अंगाशी येते.

समजा वाचणाऱ्याने 'कपाट' शब्द दोनदा उच्चारला आणि एक काढायचा आहे. 'क' किंवा 'ट' यांचा स्फोट काही सहस्रांश सेकंदांचाच असतो. एमपी-थ्री मात्र २६ सहस्रांशांच्या तुकड्यांतच कापता येते. शिवाय एका तुकड्याचा काही मजकूर आधीच्या तुकड्यांतील उरलेल्या जागेत ठेवण्याची सोय या पद्धतीत आहे. मधला तुकडा काढला तर पुढच्याची शिदोरीच जाते. उलगडून मांडलेल्या रांगेत मात्र कोणत्याही दोन नमुन्यांच्या मध्ये कातरी चालते, आणि जोडावर एक आवाज हळूहळू विरवून दुसरा वर आणता येतो. नुसता सुरुवातीचा खोकला कापायचा असेल तर तुकड्यांच्या सीमेवर, न उलगडता कापणारी साधने आहेत आणि तेवढ्या कामाला ती चांगली. पण त्यापुढे त्यांचे काही चालत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. फाईल उघडली, एक वाक्य कापले, पुन्हा एमपी-थ्री म्हणून जतन केली. उद्या दुसरा दोष दिसला, पुन्हा उघडली, पुन्हा जतन केली. दर वेळी पद्धत नव्याने ठरवते की काय झाकलेले आहे. कापाकापीमुळे तुकड्यांच्या सीमा सरकलेल्या असतात, म्हणून या वेळी ती आधीपेक्षा वेगळे धागे काढते. आधीचा खरखराट आता तिला आवाजाचाच भाग वाटतो आणि त्याच्यावर ती बिट खर्च करते. चार-पाच फेऱ्यांत 'स' ओलसर, बुडबुड्यांसारखा ऐकू येऊ लागतो. वेव्ह उलगडून ठेवली की कितीही वेळा उघडा-मिटा, नवी झीज होत नाही. एकदाच, अगदी शेवटी, पुन्हा घट्ट बांधायचे. म्हणजे उलगडण्याने आवाज सुधारत नाही. आणखी बिघडण्यापासून वाचतो.

तिसरी गोष्ट संपादन करणाऱ्याला आधी ठाऊक असलेली बरी. कारखान्यातील माग थांबवला की शेजारच्याचे बोलणे एकदम ऐकू येते, कारण ते झाकलेले असले तरी हवेत होतेच. एमपी-थ्रीमध्ये ते लिहिलेले नसते. शाळेच्या खिडकीबाहेरच्या यंत्रमागाची खटखट वाचनात आली आहे आणि ती संगणकाकडून पुसायची आहे असे समजू. खटखट पुसली तर तिच्या आडोशाला ठेवलेला ढोबळपणा उघडा पडतो आणि आवाजामागे पाणी खळखळल्यासारखे वाटते. वरच्या वारंवारता वाढवल्या तरी तेच होते. म्हणून उलगडलेल्या फाईलवर गोंगाट पुसण्याचे काम हलक्या हाताने करावे. आमच्या मते थोडी खटखट राहिली तरी चालेल, सोलापूरच्या मुलांना तिची सवय आहे. बुडबुडणारा 'च' मात्र चालणार नाही.

प्रत्यक्ष काम

मूळ फाईलला कधीही हात लावू नये. तिची प्रत करून काम करावे. ऑडॅसिटी हे मोफत साधन (डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली सुरू केलेले) एमपी-थ्री उघडते तेव्हाच ती आत उलगडते. त्यामुळे आधी वेगळी वेव्ह करण्याची गरज पडत नाही. फक्त मधल्या टप्प्यावरचे काम प्रकल्प म्हणून किंवा वेव्ह म्हणून जतन करायचे, एमपी-थ्री म्हणून नाही. आत ते ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत काम करते आणि तेच ठेवावे. कारण असे, की उलगडताना काही नमुने मुळातल्या कमाल मर्यादेच्या थोडे वर जातात. १६ बिटांत त्यांचे माथे छाटले जातात, 'पाणी'तला 'पा' फुटल्यासारखा वाटतो. दशांश आकड्यांत ते सुरक्षित राहतात आणि नंतर एकूण पातळी जरा उतरवून त्यांना मर्यादेत आणता येते. एकदम पन्नास फायली उलगडायच्या असतील तर एफएफएमपेग हे साधन बरे, पण त्याला लेखी आज्ञा द्याव्या लागतात. संगणकाच्या शिक्षकांनी एकदा शिकवले की पुरते.

प्रकरणे जोडताना एक चमत्कारिक प्रकार दिसेल. प्रत्येक उलगडलेल्या फाईलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता असू शकते. बांधणारा आणि उलगडणारा या दोघांच्या कामातून मिळून हजारभर नमुन्यांचा उशीर होतो, म्हणजे सुमारे २५ सहस्रांश सेकंद. काही साधने तो आपोआप छाटतात, काही नाही. वाक्य मध्येच तुटून दुसऱ्या फाईलमध्ये गेले असेल तर जोडावर ही फट कानाला खटकते. ती हाताने काढावी.

बरीच ध्वनिपुस्तके एमफोरबी नावाच्या एकाच लांबलचक फाईलमध्ये मिळतात. तिच्यात आवाज एएसी पद्धतीने (१९९७ चे मानक) बांधलेला असतो आणि प्रकरणांच्या खुणा सोबत असतात. वेव्ह केल्यावर या खुणा बहुधा जातात, म्हणून कोणते प्रकरण कोणत्या मिनिटाला सुरू होते ते आधी कागदावर उतरवून घ्यावे. साध्या वेव्ह फाईलला आकाराची मर्यादाही आहे. तिची लांबी ३२ बिटांत लिहिली जाते, म्हणून ती ४ गिगाबाइटपलीकडे जाऊ शकत नाही. १६ बिट आणि दोन वाहिन्या धरल्या तर ही मर्यादा पावणेसात तासांतच येते. मोठ्या कादंबरीला एवढे पुरत नाही. प्रकरणागणिक वेगळी फाईल करणे सोयीचे. काम संपल्यावर जागा वाचवायची असेल तर वेव्ह फ्लॅकमध्ये घडी घालून ठेवावी आणि मुलांना द्यायची एमपी-थ्री तिच्यापासून काढावी. लिब्रिव्हॉक्स या २००५ पासून चालू असलेल्या जागतिक स्वयंसेवी उपक्रमात वाचकांकडून सेकंदाला १२८ किलोबिट दराची फाईल मागतात. शाळेच्या वाचनालाही तो दर पुरेसा आहे.

खरे तर सर्वांत चांगले हे की उलगडण्याची वेळच येऊ नये. आपणच वाचणार असू तर मोबाईलच्या रेकॉर्डरमध्ये वेव्हचा पर्याय आहे का ते पाहावे. मुलांकडून वाचन मागवायचे तर व्हॉट्सअॅपवरचा आवाजी निरोप मागवू नये. तो फार कमी दराने बांधलेला असतो. रेकॉर्डरने केलेली फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती आहे तशीच पोचते.

आणि कोणाची फाईल उलगडतो आहोत हेही पाहावे. अॅपवर विकत घेतलेली ध्वनिपुस्तके कुलूपबंद असतात. ते कुलूप तोडून संपादन करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी मजकूर सर्वांचा होतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. पण दुसऱ्याने केलेल्या तिच्या वाचनावर त्या वाचनाचे वेगळे हक्क असतात. दृष्टिहीन आणि अन्य अपंग विद्यार्थ्यांसाठी, नफ्याशिवाय, त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करण्याची मुभा मात्र २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात दिली आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे सगळे आमच्या सांगण्यावरून मानू नये. चार, चारा, चंद्र, चांदणे, चिमणी, चोच, सासू, शाळा, कपाट हे शब्द एका विद्यार्थ्याने स्पष्ट वाचावेत आणि शेवटी हलगीचे दोन ठोके द्यावेत. ध्वनिमुद्रण वेव्हमध्येच करावे. त्याची एक प्रत फ्लॅकमध्ये आणि एक ६४ किलोबिटांच्या एमपी-थ्रीमध्ये करून दोन्ही परत उलगडाव्यात. आता ऑडॅसिटीत मूळ आवाजाखाली फ्लॅकची प्रत ठेवून ती उलटी करावी, म्हणजे प्रत्येक धन आकडा ऋण आणि ऋण आकडा धन. दोन्हींची बेरीज केली की पूर्ण शांतता मिळेल, एकूणएक नमुन्यात शून्य. (जतन करताना कृत्रिम खरखर मिसळण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर तीच ऐकू येईल.) हेच एमपी-थ्रीच्या प्रतीबरोबर करावे. आधी वर सांगितलेला उशीर काढून दोन्ही लाटा नमुन्याला नमुना जुळवून घ्याव्या लागतील; चांगला मोठा करून पाहिला तर हलगीचा ठोका यासाठी उपयोगी पडतो. आता बेरजेत शांतता मिळणार नाही. जे ऐकू येईल तेच पद्धतीने गमावलेले. त्यात 'स', 'श' आणि दोन्ही 'च' कुजबुजताना ओळखू येतात. हलगीच्या ठोक्याच्या किंचित आधी एक फुसफुस ऐकू येण्याचा संभव आहे : ढोबळपणाचा खरखराट पूर्ण तुकडाभर पसरतो, आणि ठोका तुकड्याच्या शेवटी असेल तर तो ठोक्याच्या आधीच कानावर येतो.

मग तीच एमपी-थ्री दहा वेळा उलगडून पुन्हा बांधावी, दर वेळी सुरुवातीचे शे-दोनशे नमुने कापून, म्हणजे तुकड्यांच्या सीमा सरकतील. पहिली, पाचवी आणि दहावी प्रत न सांगता उलटसुलट क्रमाने ऐकवावी. एखाद्याने दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा मूळ आणि प्रत यांतला फरक बरोबर ओळखला तर तो नुसता अंदाज नव्हे असे मानायला हरकत नाही. नाणेफेकीने तसे घडण्याची शक्यता १०२४ पैकी ११ एवढीच. शेवटी ३२, ६४ आणि १२८ किलोबिटांच्या प्रती कन्नड किंवा उर्दू घरांतील मुलांना ऐकवून, शब्दांची जागा बदलून, ऐकू आलेला 'च' चंद्रातला की चांदण्यातला एवढेच विचारावे आणि उत्तरांचा तक्ता करावा. ज्या दराला चुका वाढू लागतात त्याच्या वरचा दर आपल्या शाळेच्या फायलींसाठी धरावा.